ते फर्निचर कोणाचं होतं?

काकांबरोबर सिनेमा बघणं ही शिक्षा होती, आणि मिनिॲपोलिसच्या ईडन प्रेरी उपनगरात राहत होते तोवर ती मी हौसेने भोगली. सिनेमा बहुतेक वेळा पॅरिसमधला असायचा. राजा, राणी, भुकेले लोक, आणि शेवटाकडे रस्त्यात सामान रचून उभारलेलं बॅरिकेड. त्या ढिगाऱ्यावर एखादा देखणा तरुण झेंडा घेऊन चढायचा, संगीत टिपेला पोचायचं, आणि नेमक्या त्या क्षणी काका रिमोट उचलून चित्र थांबवायचे.

"ते डावीकडचं कपाट बघ," ते म्हणायचे. "दार उघडं आहे. आतले कपडे काढून घेतले असतील का गं तिने?"

"कोणी, काका?"

"जिचं कपाट आहे तिने."

पडद्यावर तो तरुण तोंड उघडं टाकून अधांतरी लटकलेला. काका चष्मा कपाळावर ढकलून टीव्हीच्या अगदी जवळ जायचे आणि ढिगाऱ्यातल्या एकेका वस्तूची चौकशी करायचे. ही खुर्ची स्वयंपाकघरातली, हिचा पाय भाजलाय. ही गादी दोघांची असणार, मध्ये खोलगट झालीय. हे टेबल वरच्या मजल्यावरून खाली फेकलंय; मग विचारून फेकलं की न विचारता? आतून काकूंचा आवाज यायचा, "अहो, त्या पोराला मरू द्या एकदाचं, कढी गार होतेय."

मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. नागपूरहून आलेली, सॉफ्टवेअर टेस्टिंगची नवी नोकरी, बर्फात गाडी चालवायची भीती, आणि हातात दोन बॅगा. जागा बघायला गेले तेव्हा वाटलं होतं, आता नोकरी कुठे, स्वयंपाकात मांस-मच्छी करता का, असले प्रश्न येतील. काकांनी विचारलं, "पॅरिसच्या बायका पावासाठी व्हर्सायला राजाच्या दारात चालत गेल्या होत्या, माहीत आहे?"

"शाळेत होतं काहीतरी," मी म्हटलं.

"त्या दिवशी पाऊस होता. चिखल, भिजलेले घागरे. घरी आल्यावर ते कुठे वाळत घातले असतील?"

"मला काय माहीत!"

काकांचा चेहरा उजळला. नंतर काकूंनी सांगितलं की आधी येऊन गेलेले सगळे जण "इंटरेस्टिंग क्वेश्चन" म्हणाले होते, आणि त्यांच्यापैकी एकालाही काकांनी जागा दिली नव्हती. "ज्याला खरंच माहीत नाही त्याच्याशी बोलायला मजा येते," असं काकांचं म्हणणं. मी टेस्टर आहे, प्रोग्रॅममधले बग, म्हणजे चुका, शोधते म्हटल्यावर तर त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. पुढे कुठलीही कादंबरी माझ्या हातात देताना ते म्हणायचे, "घे, ह्यातला बग शोध." बग म्हणजे काय, तर लेखक ज्याच्याबद्दल सांगायचा विसरला असं माणूस.

काका आयुष्यभर मिनिॲपोलिसच्या एका पिठाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. गव्हाचं पीठ मळून, ताणून, भाजून त्याचे गुणदोष टिपायचे, एवढंच काम. त्यामुळे असेल, कुठल्याही हॉटेलात गेले तरी आधी पाव अंगठ्याने दाबून बघणार, तो किती वेळात वर येतो ते पाहणार, आणि मग मेन्यू उघडणार. वेटर चक्रावून बघायचा. काकू शांतपणे म्हणायच्या, "ही इज ए डॉक्टर. फॉर ब्रेड." निवृत्त झाल्यावर हातात वेळच वेळ, आणि काउंटीच्या लायब्ररीत फ्रान्सच्या इतिहासाचं एक आख्खं कपाट. काकांनी ते वाळवीसारखं संपवलं. सनावळ्या त्यांना आवडत नसत. लढायांची पानं तर ते सरळ उलटून टाकायचे. त्यांना हवं असायचं ते असं: पाव महागला तेव्हा आधी काय खाणं बंद केलं? धोबिणीच्या हाताला भेगा पडल्या की ती काय लावायची? बॅरिकेड हा शब्दच मुळी पिंपावरून आलाय, मातीने भरलेल्या पिंपांवरून, हे त्यांनी मला एवढ्या आनंदाने सांगितलं की जणू पिंप त्यांच्या मामाचं होतं.

डाउनटाउनच्या मोठ्या थिएटरात एकदा त्याच विषयावरचं एक संगीत नाटक दौऱ्यावर आलं होतं. गोरगरिबांवरचा अन्याय, उठाव, दोन तास गाणीच गाणी. मध्यंतरापर्यंत माझे दोन रुमाल भिजले. नाटकानंतर नटमंडळी लॉबीत बसून प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होती. कुणी आवाज कसा जपता विचारलं, कुणी पहिली ऑडिशन विचारली. काका उभे राहिले. मी खुर्चीत खाली सरकले.

"वन क्वेश्चन. द फर्निचर. हूज इज इट?"

झेंडा घेऊन मेलेला नट हसून म्हणाला, "ओह, अवर प्रॉप्स टीम बिल्ट ऑल ऑफ दॅट, सर."

"नो, नो. इन पॅरिस."

सगळी लॉबी हसली. तो पोरगा मात्र हसायचा थांबला. थोडा विचार करून म्हणाला, "आय गेस... द नेबर्स?"

"डिड दे गेट इट बॅक?"

"आय डोन्ट नो, सर. आय नेव्हर थॉट अबाउट इट."

"थँक यू," काका म्हणाले आणि बसले. घरी येताना सबंध वाटेत त्या पोराचं कौतुक चाललं होतं. गाणं बरं म्हणतो वगैरे नाही. "माहीत नाही" म्हणाला, ह्याचं.

मी एकदा विचारलंच. म्हटलं, काका, हे कुठून आलं? लहानपणी तुमच्या घरचं काही कुणी नेलं होतं का? संपात, दंगलीत?

काका चिडले. चिडले की ते अहो-जाहो करायचे. "अहो, तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीला बालपणीचं दुःख कशाला लागतं? आमच्या घरी सगळं जागच्या जागी होतं. वडील हेडमास्तर होते, कुणाची टाप होती? मला नुसतं जाणून घ्यायचंय. नुसतं जाणून घ्यायचं असू शकत नाही का माणसाला?"

"ह्यांना भाजीवाल्यापाशी पण जाणूनच घ्यायचं असायचं," काकू म्हणाल्या. "भाजी मी घ्यायची."

पण हे कुतूहल फ्रान्सपुरतं असतं तर मी त्यांना पुस्तकी किडा म्हणून सोडून दिलं असतं. एका मार्चमध्ये, बर्फ अर्धवट वितळून काळं झालेलं असताना, आम्ही तिघं मिनिॲपोलिसच्या दक्षिण भागातून वाणसामान घेऊन येत होतो. एका बिल्डिंगपुढे फुटपाथवर अख्ख्या घराचं सामान ठेवलेलं होतं. सोफा, दिवे, मुलाची सायकल, काळ्या पिशव्यांमध्ये कपडे. भाडं थकलं म्हणून घराबाहेर काढलेलं कुटुंब. असे ढीग मी आधीही पाहिले होते, तुम्हीही पाहिले असतील. आपण आरशात बघून लेन बदलतो. काकांनी गाडी थांबवली.

सोफ्यावर एक बाई कोट घालून बसली होती. काका समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅम, इज धिस युवर्स?" मला वाटलं आता ती फाडून खाणार. तिने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "ऑल ऑफ इट." मग काका विचारत गेले आणि ती सांगत गेली. हा दिवा बहिणीचा. हा सोफा हप्त्यावर घेतलेला. भावाचा ट्रक मागायला जायचं होतं, पण सामान सोडून जाता येत नव्हतं. लोक उचलून नेतात. काका म्हणाले, "गो. वी विल सिट." ती गेली. आम्ही तिघं त्या सोफ्यावर बसून राहिलो. काकूंच्या मांडीवर कोथिंबिरीची पिशवी होती. जाणारे-येणारे आमच्याकडे बघत होते, आणि एकाने तर आम्हालाच विचारलं की हा लॅम्प फ्री आहे का. "नो," काका एवढ्या मोठ्यांदा ओरडले की तो पळालाच. ती बाई ट्रक घेऊन आली तेव्हा माझ्या पायाची बोटं बधिर झाली होती. तिने आभार मानले, नाव काही विचारलं नाही. काकांनीही आपण काही थोर केल्याचा आव आणला नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "पुस्तकात हे येतच नाही. सामानावर लक्ष कोण ठेवतं, हे."

त्या उन्हाळ्यात त्यांनी नाटक पुन्हा लिहायला काढलं. पुन्हा, कारण आधी दोनदा ते लिहून झालं होतं. दर दोन वर्षांनी अमेरिकेतल्या मराठी लोकांचं मोठं अधिवेशन भरतं, तिथे गावोगावच्या मंडळांची निवडक नाटकं होतात. काकांची संहिता दोन्ही वेळा कागदावरच नापास झाली होती. विषय परका आहे, विनोद नाही, शेवट नाही. काकांची एकच इच्छा होती: मोठ्या थिएटरात, हजार-दोन हजार मराठी माणसांसमोर, हे नाटक एकदा व्हावं. ते हे लपवत नसत. मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि काकांच्या पाठीमागे थोडी थट्टाही व्हायची. ह्या वेळी मात्र निवड समितीने कळवलं की तुमचा इथला प्रयोग बघायला आम्ही शिकागोहून माणूस पाठवतो. काका त्या दिवशी पाव दाबायचे विसरले.

नाटकाचं नाव 'संगीत अडसर'. पॅरिसमधली एक धोबीण. उठावाच्या दिवशी विद्यार्थी तिच्या घरात शिरतात आणि तिचं टेबल बॅरिकेडसाठी घेऊन जातात. उठाव फसतो. बाकी नाटकभर ती ते टेबल परत मागत हिंडते. विद्यार्थ्यांच्या श्रीमंत आईबापांकडे जाते, पोलिसांकडे जाते, शेवटी एका मोठ्या लेखकाकडे जाते. लेखक म्हणतो, "बाई, तुमचं टेबल माझ्या कादंबरीत अमर झालंय." ती म्हणते, "अमर नको, परत हवंय." म्हातारपणी ती त्याच उठावावरच्या नाटकाचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढते आणि मागून ओरडते, "ए, त्याच्यावर बूट घालून चढू नका!" धोबिणीचं काम माझं होतं. काकांनी तिला एक पद दिलं होतं, आणि त्याची चाल इतकी सोपी होती की तालमीनंतर सगळे तेच गुणगुणत गाडीत बसायचे:

"खाट दिली, पाट दिला, दिला पाळण्याचा दांडा,
जिंकलात तर कळवा बाबांनो, कुठं ठेवू हंडा?"

घोडं अडलं ते बॅरिकेडवर. आमच्या मंडळात नाटकाला लागणारं सामान सभासदांच्या गॅरेजमधून येतं. मोडकं, जुनं, नाहीतरी टाकून द्यायचं असं. काकांनी फतवा काढला: गॅरेजमधलं काही चालणार नाही. प्रत्येक घराने रोजच्या वापरातली एक वस्तू द्यायची, आणि प्रयोग संपेपर्यंत तिच्यावाचून राहायचं.

"काका, कार्डबोर्डचं करू ना यार, मस्त पेंट करतो," सेट बघणारा अभिजित म्हणाला.

"कार्डबोर्डवाचून कुणाचं अडतं?" काका म्हणाले.

लोकांनी कुरकुर केली, पण दिलं. कुणी जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या, कुणी बाळाची उंच खुर्ची. एका घरून ट्रेडमिल आलं. काका म्हणाले, पॅरिसमध्ये ट्रेडमिल? घरमालकीण म्हणाली, "काका, रोज वापरात आहे. कपडे वाळत घालतो त्याच्यावर." काकांनी ते ताबडतोब मंजूर केलं आणि वरून चादर टाकली.

कोरसमध्ये एक अकोल्याची मुलगी होती. तिच्या नवऱ्याची नोकरी तालमी चालू असतानाच गेली. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की थोड्या आठवड्यांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. त्याला मिळाली नाही. घरातलं सामान एकेक करून ऑनलाइन विकायला काढलं होतं, आणि परतीची तिकिटं प्रयोगानंतरच्या आठवड्याची होती. तरी ती तालमीला यायची. "घरी बसून काय करू काकू, बसायला सोफा नाही," असं म्हणून हसायची. तिने एक लाकडी हातांची खुर्ची आणून दिली. म्हणाली, हिला गिऱ्हाईकच येत नाहीये, घ्या तुम्ही. अभिजितने ती बॅरिकेडच्या तळाशी बसवली, कारण सगळ्यांत भक्कम तीच होती.

प्रयोगाच्या दुपारी शाळेचं सभागृह भरलं. शिकागोच्या ताई पहिल्या रांगेत मधोमध, हातात पेन. दुसऱ्या रांगेत त्या अकोल्याच्या मुलीची सासू बसली होती. नातवाला सांभाळायला म्हणून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. आम्ही सगळे आजी म्हणायचो. खुर्ची नाटकाला दिलीय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. विकली गेली असेल असं त्यांना वाटत होतं, नाहीतर काहीच वाटत नव्हतं; त्या घरात त्या दिवसांत रोजच काही ना काही जात होतं.

पहिला अंक छान झाला. काका विंगेत प्रॉम्प्टिंगला उभे होते, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला त्यांचे ओठ हलत होते. दुसऱ्या अंकात पडदा उघडला, बॅरिकेडवर प्रकाश पडला, टाळ्या झाल्या. मी पद सुरू करणार एवढ्यात दुसऱ्या रांगेतून कुणीतरी उठलं. आजी बाजूच्या पायऱ्यांवरून, गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पायरी चढत स्टेजवर आल्या. माझ्या शेजारून पुढे गेल्या आणि ढिगाऱ्याच्या तळातल्या त्या खुर्चीच्या हाताला त्यांनी धरलं.

"बाप्पा, हे बी आणली का इथं?" त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण आमच्या कपड्यांना लावलेल्या माइकांनी तो सगळ्या सभागृहात पोचवला. "सारं घर तं नेलं लोकाइनं. येक खुर्ची तं राहू द्या. घरी कोनी आलं तं बसवाव कुठी?"

सून कोरसमधून धावली. "आई, चला ना, प्लीज." ती शरमेने रडायच्या बेतात होती. एवढ्यात काका विंगेतून आले. गळ्यात दोरीला चष्मा, हातात संहिता. पहिल्या रांगेतलं ते पेन त्यांना दिसत असणारच.

"अभिजित, ही खुर्ची काढ."

"काका, ती काढली तर सगळं खाली येईल."

"येऊ दे."

सगळं खाली आलं. ट्रेडमिल चादरीसकट आडवं झालं, बाळाची खुर्ची घरंगळत पार फूटलाइटपर्यंत गेली. लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. काकांनी रुमालाने खुर्ची पुसली, स्टेजच्या मधोमध ठेवली, आजींना हाताला धरून बसवलं. आणि स्वतः खाली मांडी घालून बसले. मला वाटलं आता हे माफी मागतील. पण काका काका होते.

"आजी, ही घरात कुठे असते?"

"खिडकीपाशी. तिथून शाळेची बस दिसते."

"आणि खिडकीच्या बाजूला?"

"टेबल होतं. ते एका पोरीनं नेलं. कालेजातली होती. जातानी मले गळ्याशी धरलं तिनं."

"सोफा?"

"दोघं भाऊ आले होते. दारातून निघे ना, तं मीच सांगतलं, आडवा करा."

"नातवाचा पलंग?"

"त्याच्यावर त्यानं गाड्यायचे चित्रं चिकटवले होते. ते सारे नखानं काढून घेतले. म्हने, नवीन घरी लावीन."

"नवीन घर कुठे?"

"ते कोनाले मालूम."

आता हसत कुणी नव्हतं. सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या पासपोर्टवर तोच व्हिसा होता, माझ्याही. काका विचारत होते, आजी सांगत होत्या. भांड्यांचं काय झालं, पडदे कुणी नेले, देव कुठे ठेवलेत. त्यांना घरात इतके दिवस हे कुणी विचारलंच नसावं, कारण त्या थांबायलाच तयार नव्हत्या. माझं पद राहून गेलं. लेखक, पोलीस, तिसरा अंक, सगळं राहून गेलं. आजी सांगून थकल्यावर काकांनी पडदा पाडायला सांगितला, आणि खुर्ची आपल्या गाडीत घालून त्यांच्या घरी पोचवून आले.

मी मेकअप न पुसताच रडत होते. काकांचं अधिवेशन गेलं, ह्यात मला शंका नव्हती. शिकागोच्या ताई आत आल्या आणि त्यांनी काकूंचे दोन्ही हात धरले.

"ब्रिलियंट! तो आजींचा सीन! प्रेक्षकांतून उठून येणं, ती वऱ्हाडी भाषा... कुठून कास्ट केलंत त्यांना?"

आम्ही खरं काय ते सांगितलं, तरी त्यांचं मत बदललं नाही. दोनच आठवड्यांत फोन आला: नाटकाची निवड झाली आहे. अट एकच, तो सीन जसाच्या तसा ठेवायचा. आजींच्या भूमिकेसाठी एक अनुभवी अभिनेत्री ते देणार होते. थिएटर सगळ्यांत मोठं, वेळ शनिवारची संध्याकाळ.

काकांना मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. ते उठले, बसले, परत उठले. मी तर त्यांना मिठीच मारली. काकूंनी शिरा करायला घेतला, आणि रवा भाजता भाजता हंड्याचं पद म्हणत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याच्या नाटकातलं काहीतरी म्हटलं असेल. मग काका म्हणाले, "आजींना विचारायला हवं."

ते कुटुंब एव्हाना अकोल्याला गेलं होतं. तिकडे रात्र व्हायच्या आत म्हणून काकांनी लगेच व्हिडिओ कॉल लावला. आजी ओट्यावर बसल्या होत्या. ख्यालीखुशाली झाली. काकांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं: मोठं नाटक, मोठं थिएटर, तुमचं बोलणं दुसरी बाई बोलेल. घेऊ का?

"किती लोकं असतीन तिथं?"

"दोनेक हजार."

मागे कुणीतरी बादली भरत होतं.

"मंग नोका घेऊ जी," त्या म्हणाल्या. "पोरगा अजून घरीच हाय. कुठीच जमलं नाही त्याचं. त्याले कोनी सांगतलं का तुया घरचं सामान तिकडं हजारो लोकायसमोर सांगून राहिले, तं कसं वाटन त्याले?"

मी काकांना खुणा करायला लागले. शेवटी न राहवून कुजबुजले, "काका, बदलू ना! पलंगाचं कपाट करू, गाव दुसरं करू. कुणाला कळणारे?" काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बरं आजी," ते म्हणाले. "नाही घेत."

एका शब्दानेही त्यांनी गळ घातली नाही. तब्येतीला जपा म्हणाले, नातवाला आशीर्वाद सांगितले आणि फोन ठेवला. लगेच शिकागोला लावला. विचार बदलायला त्यांनी स्वतःला वेळच दिला नाही, असं मला आज वाटतं.

"ताई, तो सीन घेता येणार नाही. त्या नाही म्हणाल्या."

ताईंचा आवाज मला ऐकू येत होता. "अहो काका, परमिशन कशाला लागते? असं रोज घडतंय. कुणाचीही स्टोरी आहे ही."

"कुणाचीही नाही, त्यांची आहे. माझं मूळ नाटक तेवढं आहे. ते हवं असेल तर..."

ते नको होतं. ताई चांगल्या बोलल्या, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पण समितीने जे निवडलं होतं ते हे नव्हतं. काका "हो, हो, समजलं" म्हणत राहिले, आणि त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

मला संताप आला होता. आजींचा, ताईंचा, आजींच्या मुलाला काढणाऱ्या कंपनीचा, आणि सगळ्यांत जास्त काकांचा. मी म्हटलं, "काका, एवढी वर्षं वाट बघितलीत, आणि एकदा आग्रहसुद्धा करवला नाही तुम्हाला?"

काकांनी चष्मा काढला, आणि मी पाहिलं तर ते रडत होते. तोंड न लपवता, लहान मुलासारखे.

"फार वाटत होतं गं," ते म्हणाले. "एकदा व्हावं, असं फार वाटत होतं."

काकूंनी गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ येऊन बसल्या.